वादळ काकिनाड्याला लागलं. आता सोलापुरात बसून काय बघायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माचणूरजवळ भीमेच्या काठाला तुमचं रान आहे. थोडं डाळिंब, बाकी ज्वारी आणि ऊस. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की मोबाईलवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ येतात. एकात सोलापूर बुडणार असतं. दुसऱ्यात ‘वादळ किनाऱ्याला धडकलं, जोर ओसरला, आता चिंता नको’ असं सांगतात. किनाऱ्याला लागणारं वादळ खरोखर कसं ट्रॅक करतात, आणि ते किनारा ओलांडून आत आलं की आपण इथे बसून नेमकं काय बघायचं, हे तुम्हाला हवंय.

हवामानाच्या नोंदी घेण्यात आणि तक्ते भरण्यात माझी 31 वर्षं गेली. त्यातली 6 पूर्व किनाऱ्यावर, शेवटची काही सोलापुरात. त्या अनुभवावरून सांगतो, या दोन व्हिडिओंपैकी दुसरा जास्त घात करतो. पहिल्याने माणूस नुसता घाबरतो, दुसऱ्याने तो झोपी जातो. आणि आपल्याकडचं संकट नेमकं त्या झोपेत येतं.

ऑक्टोबर 2020 आठवा. 13 तारखेला सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान आंध्रात काकिनाड्याजवळ एका प्रणालीने किनारा ओलांडला. ती चक्रीवादळसुद्धा नव्हती, नुसतं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालची कमी दाबाची प्रणाली होती. टिकून राहणारा वारा ताशी 55 किलोमीटरच्या आसपास. चक्रीवादळ म्हणायला वारा 62 च्या वर टिकून लागतो, तेवढी मजल तिने मारली नाही म्हणून तिला नावही मिळालं नाही. नाव नाही म्हणून तिची चर्चा नाही. त्याच दिवशी आणि रात्री हैदराबाद पाण्याखाली गेलं. 14 तारखेला ती कर्नाटकाच्या उत्तर भागातून आपल्या अंगावर आली. पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून 6 माणसं गेली, भीमेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन गंजीतच कुजलं. 16 तारखेला तीच प्रणाली अरबी समुद्रात उतरली. काकिनाडा ते सोलापूर सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटर अंतर आहे. किनारा ओलांडल्यापासून आपल्या अंगावर येईपर्यंत जेमतेम दीड दिवस गेला. तो दीड दिवस आपल्या हातात होता.

म्हणून माझं सगळं उत्तर एका वाक्यावर उभं आहे. किनाऱ्यावरच्या माणसासाठी लँडफॉल हा वादळाचा कळस असतो, सोलापूरकरासाठी तिथून घड्याळ सुरू होतं.

आता लँडफॉल म्हणजे काय ते बघू. वादळाचं केंद्र किनारपट्टीची रेषा ओलांडतं त्या क्षणाला लँडफॉल म्हणतात. पण वादळ म्हणजे ठिपका नव्हे. मोठ्या वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो. त्याच्या मधोमध शांत ‘डोळा’ असतो आणि त्या डोळ्याभोवती ढगांची भिंत असते, सर्वांत जोराचा वारा तिथे असतो. ही भिंत आधी किनाऱ्याला लागते, मग डोळा, मग भिंतीची मागची बाजू. सगळं मिळून काही तास जातात. म्हणून हवामान खातं ‘लँडफॉलची प्रक्रिया सुरू झाली’ अशी भाषा वापरतं.

हे मी अंगावर घेतलंय. किनाऱ्यावरच्या एका छोट्या वेधशाळेत माझी रात्रपाळी होती. बॅरोग्राफ नावाचं यंत्र असायचं. सावकाश फिरणाऱ्या ड्रमवर कागद गुंडाळलेला, आणि हवेच्या दाबाप्रमाणे वरखाली होणारं शाईचं पेन. एरवी ती रेघ संथ लाटेसारखी जाते. त्या रात्री अकरानंतर ती उतरायला लागली. साडेबाराला उतार, दीडला कडा. अडीचच्या सुमाराला पेन कागदाच्या खालच्या कडेशी आलं आणि बाहेरचा आवाज एकदम थांबला. पत्र्याचा नाही, झाडांचा नाही, काहीच आवाज नाही. कंदील घेऊन बाहेर आलो तर माथ्यावर चांदण्या दिसत होत्या. शेजारच्या वस्तीतली माणसं दारं उघडून बाहेर यायला लागली, संपलं म्हणून. आमचा शिपाई तिथलाच. तो त्यांच्या भाषेत ओरडत धावत सुटला आणि सगळ्यांना परत आत ढकललं. पाऊण तासाच्या आत वारा पुन्हा सुटला, या वेळी उलट्या दिशेने. पहिल्या वाऱ्याने सैल झालेली छपरं दुसऱ्याने उचलून नेली. तो शिपाई नसता तर त्या रात्री किती जीव गेले असते, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

वादळ समुद्रात असताना त्याच्यावर नजर ठेवतात ती मुख्यतः उपग्रहातून. इन्सॅट मालिकेतले आपले उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात. त्या चित्रातल्या ढगांच्या आकारावरून, वेटोळं किती घट्ट आहे यावरून वाऱ्याचा जोर ठरवण्याची एक पद्धत आहे. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती 1970 च्या दशकात बसवली, आजही जगभर तीच वापरतात. अमेरिकेत हरिकेनच्या पोटात विमानं घालून वारा आणि दाब प्रत्यक्ष मोजतात, 1943 पासून. आपल्याकडे अशी नियमित उड्डाणं नाहीत. त्यामुळे आपल्या वादळाचा भर समुद्रातला ‘वेग’ बहुतेक वेळा चित्रावरून काढलेला असतो, मोजलेला नव्हे. हरिकेन, टायफून, चक्रीवादळ ही एकाच गोष्टीची नावं आहेत, फक्त समुद्र वेगळे.

किनारा तीन-चारशे किलोमीटरवर आला की रडार कामाला लागतं. पूर्व किनाऱ्यावर चेन्नई, मछलीपट्टणम, विशाखापट्टणम, गोपाळपूर, पारादीप अशी डॉप्लर रडारांची साखळीच आहे. तेव्हा केंद्र कुठे आहे ते तासातासाला, अगदी मिनिटामिनिटाला कळतं. त्याच्या जोडीला किनाऱ्यावरच्या वेधशाळांचा दाब आणि वारा. एका ठिकाणी दाब भराभर उतरतोय आणि शेजारच्या ठिकाणी सावकाश, एवढ्यावरून वादळ कुणाकडे वळलंय ते जुना निरीक्षक सांगू शकतो. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद हे चक्रीवादळ विशाखापट्टणमवर आलं तेव्हा रडारचंच नुकसान झालं. अशा वेळी दाबाच्या नोंदीच कामाला येतात.

समुद्राच्या उधाणावर मी इथे फार लिहीत नाही, आपल्याला त्याचा स्पर्श नाही. एवढंच ध्यानात घ्या, की किनाऱ्यावर जास्त बळी वाऱ्याने नाही, पाण्याने जातात. नोव्हेंबर 1977 मध्ये आंध्रातली दिवीसीमा आणि ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशा, दोन्ही ठिकाणी हजारोंनी माणसं गेली ती मुख्यतः समुद्र आत घुसल्याने. 2013 च्या फायलिन चक्रीवादळात त्याच ओडिशात लाखो लोक आधीच हलवले, म्हणून बळींचा आकडा फार खाली राहिला. अंदाजावर विश्वास ठेवून वेळेत हालचाल केली की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता व्हिडिओतल्या आकड्यांकडे येऊ, कारण गोंधळ तिथे आहे.

वादळाला दोन वेग असतात. एक त्याच्यातल्या वाऱ्याचा, दुसरा वादळ स्वतः पुढे सरकण्याचा. ‘100 च्या वेगाने वादळ सोलापूरकडे’ असं वाचलंत तर तो आकडा वाऱ्याचा असतो. वादळ स्वतः बहुतेक वेळा ताशी 15 ते 20 किलोमीटरने, म्हणजे सायकलच्या चालीने सरकतं. आपल्याला हिशोब या दुसऱ्या वेगाशी करायचा आहे. अंतर भागिले चाल, म्हणजे हातात उरलेले तास. आणि चाल जितकी कमी, तितका पाऊस एका जागी जास्त. रेंगाळणारं दुबळं डिप्रेशन पळणाऱ्या जबर वादळापेक्षा आपल्या रानाला वाईट.

दुसरा गोंधळ असा, की आपलं खातं वाऱ्याची 3 मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकन संस्था 1 मिनिटाची. साहजिक त्यांचा आकडा मोठा दिसतो. तोच उचलून कुणी ‘सरकार लपवतंय’ म्हणत असेल तर त्याला मोजमापच कळलेलं नाही.

तिसरं म्हणजे नकाशावरचा तो पुढे पसरत जाणारा सुळका. तो वादळाचा आकार नव्हे. पुढच्या वेळी केंद्र कुठे कुठे असू शकेल याची ती हद्द आहे. 24 तासांच्या अंदाजात केंद्राची जागा सरासरीने पाऊणशे किलोमीटर इकडेतिकडे होते, पुढच्या दिवसांत त्याहून जास्त. सोलापूर ते पंढरपूर अंतर साधारण तेवढंच. म्हणजे मधली रेघ पंढरपूरवरून जाते की अक्कलकोटवरून, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय पाऊस केंद्रावरच पडतो असंही नाही. पावसाळ्यातल्या डिप्रेशनमध्ये सगळ्यात मोठा पाऊस बहुतेकदा केंद्राच्या नैऋत्येला असतो.

जमिनीवर आलं की वादळाचा वारा उतरतो हे खरं. खालचं गरम समुद्राचं पाणी तुटतं आणि डोंगर-झाडांचं घर्षण लागतं. पण वर, 3-4 किलोमीटर उंचीवर, ते फिरणं लगेच मरत नाही, आणि सोबत आणलेली वाफ तर असतेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात वाटेतली जमीन ओली असली तर ती आणखी वाफ पुरवते. 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी गुलाब नावाचं वादळ आंध्राच्या उत्तर टोकाला कलिंगपट्टणमजवळ लागलं. दोन दिवसांत त्याच्या उरलेल्या भागाने मराठवाड्यात मांजरेला पूर आणला. पुढे ते गुजरातकडून अरबी समुद्रात गेलं, पुन्हा बळावलं, शाहीन हे नवं नाव घेतलं आणि 3 ऑक्टोबरला ओमानला जाऊन धडकलं. हुदहुदचं तर आणखी विलक्षण. विशाखापट्टणमला लागून दोन दिवस झाले होते, वादळ म्हणून ते संपलं होतं, आणि त्याच्या उरलेल्या वाफेने नेपाळात अन्नपूर्णेच्या वाटेवर असा बर्फ पाडला की तिथे 40 च्या वर माणसं दगावली.

मग आत आलेलं वादळ आपल्याकडे वळणार की वर छत्तीसगडकडे, हे कशावर ठरतं? वरच्या थरातल्या वाऱ्यावर. उत्तरेला जास्त दाबाचा कणा घट्ट असेल तर प्रणाली पश्चिमेकडे ढकलली जाते, म्हणजे तेलंगण, गुलबर्गा, सोलापूर. पश्चिमेकडून थंड वाऱ्याचा झोत खाली उतरला असेल तर ती उत्तरेला आणि मग ईशान्येला वळते. हे आपल्याला घरी काढायचं नाही, ते हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये असतं. चक्रीवादळ झालं की दर 3 तासांनी बुलेटिन निघतं, किनाऱ्याला लागताना तासाला. इशाऱ्याचे चार टप्पे असतात. चौथ्याचं नावच ‘पोस्ट लँडफॉल आउटलुक’, आणि तो किनारा ओलांडायच्या निदान 12 तास आधी काढतात. आत शिरल्यावर प्रणाली कुठल्या दिशेने जाईल आणि आतल्या कुठल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात असतं. टीव्हीवर समुद्राच्या लाटा दाखवत असतात, तेव्हा तुम्ही हा कागद वाचा. बुलेटिनमधली वेळ पुष्कळदा जागतिक वेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायला विसरू नका. नाव नसलेल्या डिप्रेशनचीही बुलेटिनं निघतात. 2020 सारखं फसायचं नसेल तर नावाची वाट बघू नका.

‘विंडी’सारख्या ॲपवर रंगीत वारे फिरताना दिसतात, ते मॉडेलचं गणित आहे, निरीक्षण नव्हे. मी स्वतः ते बघतो, पण दोन मॉडेल शेजारी ठेवून. दोघांचं जमलं तर भरवसा वाढतो, नाही जमलं तर सावध राहतो.

आता घरचं ट्रॅकिंग. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा भाग असेल (पुष्कळ फोनमध्ये असतो) तर ॲप घालून घ्या. आकडा 955 मिलिबारच्या (दाबाचं एकक) आसपास दिसेल. घाबरू नका. बातमीतला 1000-1010 समुद्रसपाटीचा असतो, सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे तो पन्नासेकने कमी. दुसरं, दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो-उतरतो. सकाळी दहाला आणि रात्री दहाला वर, पहाटे चारला आणि दुपारी चारला खाली, आणि हा फरकच 3-4 मिलिबारचा असतो. म्हणून सकाळी दहाचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशी जुळवू नका. आजचा दहाचा कालच्या दहाशी जुळवा, एकाच खोलीत, फोन त्याच जागी ठेवून. एक-दीडचा फरक नेहमीचा. 3 किंवा जास्त उतरला आणि बुलेटिनमध्ये प्रणाली तेलंगणात असेल, तर ती तुमच्याकडेच येतेय.

वाऱ्यासाठी उघड्या रानात पाठीवर वारा घेऊन उभे राहा. डावा हात सरळ बाजूला करा आणि थोडा पुढे आणा. कमी दाबाचं केंद्र त्या दिशेला. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलेला हा नियम, विषुववृत्ताजवळचा पट्टा सोडला तर, उत्तर गोलार्धात लागू पडतो. घराच्या आडोशाला करू नका, फसाल. तासातासाने पुन्हा करा. पूर्वेकडून येणारी प्रणाली तुमच्या दक्षिणेकडून जात असेल तर वारा ईशान्येचा, मग पूर्वेचा, मग आग्नेयेचा होत जाईल. उत्तरेकडून जात असेल तर वायव्य, पश्चिम, नैऋत्य. तिसरं, हैदराबादच्या रडारचं चित्र. त्यात बिदर-गुलबर्ग्यापर्यंतचे ढग दिसतात. मात्र रडारचा किरण दूर जाताना वर चढत जातो. अडीचशे किलोमीटरवर तो 6 किलोमीटर उंचीवर असतो, खालचा पाऊस त्याला दिसत नाही. कडेला चित्र कोरं दिसलं म्हणून तिथे कोरडं आहे असं धरू नका.

पावसाच्या आकड्याबद्दल एवढंच, की नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी होते. पेपरात ‘14 तारखेचा’ पाऊस म्हणून जो छापतात, तो बहुतांश 13 ला पडलेला असतो. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. 100 मिलिमीटर पडला की एका एकरावर 4 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 40 टँकर. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारी आपली काळी जमीन हे एका रात्रीत पिऊ शकत नाही. ते सगळं ओढ्याला जाणार, ओढा भीमेला.

तुमच्याकडे त्या दीड दिवसात करायचं काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तरी क्रम सांगतो, कारण घाईत तो चुकतो. पहिल्या दिवशी उजेडात नदीवरच्या मोटारी वर घ्या. रात्री, पावसात, करंट असताना पाण्यात उतरू नका. मग काढलेलं सोयाबीन वगैरे काही असेल तर ते झाका किंवा घरी आणा. डाळिंबाच्या बागेतले चर मोकळे करा, पाणी झाडाच्या बुडाशी थांबू देऊ नका. फवारणी या क्रमात सगळ्यात शेवटी. पावसाच्या तोंडावर मारलेलं औषध धुऊन जातं, डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या भीतीने घाई करू नका, उघडीप मिळाली की बघा. ज्वारीची पेरणी राहिली असेल तर थांबा, वाफसा आल्यावर करा.

प्रणाली पुढे गेली हे दाबाने कळेल. कालच्या त्याच वेळेपेक्षा आकडा चढायला लागेल आणि वाऱ्याची दिशा फिरलेली असेल. पण तुमच्या रानाचं संकट तेव्हा संपत नाही, कारण माचणूर पंढरपूरच्या खाली आहे. ऑक्टोबरात वरचं उजनी धरण बहुतेकदा काठोकाठ असतं, तेव्हा वरून येईल तेवढं पाणी दरवाज्यातून सोडावंच लागतं. त्यात वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नरसिंहपूरला, उजनीच्या खाली, भीमेला मिळतं. म्हणून दोन विसर्ग विचारायचे, उजनीचा आणि वीरचा. नुसत्या उजनीवर विसंबलात तर फसाल. आणि पंढरपुरात कुणी ओळखीचं असेल तर फोन करून चंद्रभागेचं विचारा. वाळवंट बुडालं का, पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागलं का, जुन्या दगडी पुलावरून पाणी जातंय का. तिथलं पाणी काही तासांनी तुमच्याकडे येणार आहे. तुमच्याकडे ऊन पडलं असलं, तरी तिथे पाणी उतरायला लागल्याचं कळेपर्यंत मोटारी खाली सोडू नका.